मोटली, वय ऐंशी

इंदुरात माणसाला खरी शिक्षा करायची असेल तर त्याला शेव न घालता पोहे खायला लावावेत, हा शोध काकांचा. दर रविवारी सकाळी परदेशीपुऱ्यात त्यांच्या पुढच्या खोलीत वर्ग भरायचा. झाबुआ, आलीराजपूर, धारकडची भिल्ल, भिलाला, बारेला मुलंमुली इंदूरला होस्टेलवर राहून कॉलेज करत. त्यांतली पंधरा-वीस जणं आपल्या गावच्या झाडापाण्याच्या बातम्या लिहायला शिकण्यासाठी काकांकडे येत. वर्गाआधी पोहे. आठवडाभराच्या लिखाणात ज्याने 'पर्यावरण' हा शब्द वापरला असेल, त्याच्या पोह्यांवर शेव पडायची नाही. 'प्रकृति की गोद में' असं लिहिलं तर वरून भुरभुरायचा जीरावन मसालाही बंद. जीरावनची डबी काकांच्या शर्टाच्या खिशात, पेनाला लागूनच असायची, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा अर्धा निळा आणि अर्धा तपकिरी होता.

"सर, पर्यावरण की क्लास में पर्यावरण नहीं लिखें तो क्या लिखें?" एका नव्या पोराने कोरड्या पोह्यांकडे बघत विचारलं होतं.

"जो दिख रहा है वो लिखो," काका म्हणाले. "पर्यावरण मैंने आज तक नहीं देखा. नीम देखा है. नीम पे चढ़ के गिरा भी हूँ. वो लिख सकता हूँ."

काका म्हणजे गिरणीतल्या कारकुनाचा मुलगा, आणि स्वतः एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर जन्म घालवून निवृत्त झालेले उपसंपादक. मी त्यांची शेजारीण. राजवाड्यामागे आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, आणि पत्रकारितेशी माझा संबंध एवढाच की मला कॉम्प्युटरवर मजकूर जुळवता येतो. एके दिवशी काका दुकानात आले, काउंटरवरच्या सोनेरी गणपतीच्या पत्रिका बाजूला सारून हाताने लिहिलेले वीसेक कागद ठेवले आणि म्हणाले, "बेटा, तू येवढ्या लोकांची लग्नं लावून राहिली, माझा चार पानांचा एक पेपर नाही लावू शकत काय?" मी हो म्हटलं. त्यानंतर माझा एकही रविवार माझा राहिला नाही.

काकांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे. त्याचं कारण पुढे येईल.

खोलीच्या दारात दोन बादल्या असायच्या, एक हिरवी, एक निळी. इंदुरात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. इथलं शेंबडं पोरही सकाळी कचऱ्याच्या गाडीत गीला म्हणजे ओला कचरा हिरव्या बाजूला आणि सूखा निळ्या बाजूला टाकतं. काकांनी हीच व्यवस्था भाषेला लावली होती. लिखाणातून काढलेला प्रत्येक शब्द चिठ्ठीवर लिहायचा आणि बादलीत टाकायचा. 'के मद्देनज़र', 'उपलब्ध कराया जाना', 'संबंधित विभाग' हे सगळं सूखा. 'करुण पुकार', 'धरती माँ के आँसू' हे गीला. "गीला फेकायचा नाही," ते मला समजावून सांगत, "त्याचं खत होते. पाच-सात वर्षांनी कोणाला तरी कामात येईल. सूखा मात्र सरळ कलेक्टोरेटला पाठवून द्यावा, तिथून तर येऊन राहिला तो." एकदा कचरागाडीवरच्या बाईंनी निळी बादली परत केली, कारण तिच्यात कोणीतरी खरोखरची केळ्याची साल टाकली होती. काकांनी वर्गात चौकशी समिती नेमली. साल त्यांचीच निघाली. तो रविवार त्यांनी बिनशेवेचा काढला.

नव्या मुलांना पहिलं काम एकच असे. तुम्ही तुमच्या गावाचे परदेशातले वार्ताहर आहात आणि इंदूर हा परदेश आहे, तेव्हा इथली बातमी गावाला कळवा. मुलं या कामावर अशी खूश व्हायची की विचारू नका. एकीने कळवलं, इथे माणसं कुत्र्याला फिरवायला नेतात, कुत्रा त्यांना कुठे जायचं ते दाखवतो. एका पोराने राजवाड्यापासून परदेशीपुऱ्यापर्यंत पायी येऊन वाटेतल्या चिंचा, जांभळं आणि कडुनिंब मोजले आणि खाली लिहिलं, 'इस शहर में पेड़ों के घरवाले नहीं हैं.' काका हे वाक्य वाचून खुर्चीवरून उठले. तीनदा मोठ्याने वाचलं. मग ते जाड पेनाने पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावलं आणि वर शीर्षक दिलं, 'कविता'. पोरगा काहीतरी बोलायला गेला, पण तोवर काकांनी त्याच्या पोह्यांवर दुहेरी शेव घातली होती. तोंड भरल्यावर तो काय बोलणार?

काकांचे नियम अनेक होते, आणि अर्धे ते स्वतःच विसरत. दोन मात्र पक्के होते. एक: संपादकाने तुमच्या बातमीबद्दल काही विचारलं तर जेवढं विचारलं तेवढंच सांगायचं. बाजूला उभं राहून समजावत बसायचं नाही, कारण वाचकाच्या घरी तुम्ही उभे नसणार. दुसरा नियम त्याहून वेडा होता. ज्याची बातमी असेल त्याला ती छापण्याआधी वाचून दाखवायची, त्याच्या जागी जाऊन, त्याच्या बोलीत. "मी डेस्कवर बसून हजारो लोकांवर कात्री चालवली," ते म्हणत, "त्यातल्या एकाचंही तोंड नाही पाहिलं. आता माहिती पडून राहिलं की काय काय कापलं असेल." देपालपूरच्या तलावावर एकाने छान लिहिलं होतं. वाचून दाखवायला आम्ही गेलो तर किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. "तलावाची बातमी आहे ना? मग तलावाला ऐकव," काका म्हणाले. त्या मुलाने पाण्याकडे तोंड करून दोन पानं वाचली. तीन म्हशींनी शेवटपर्यंत ऐकलं.

आता रुमाली.

रुमाली झाबुआच्या अलीकडच्या एका गावची, बीएच्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. बोलायची कमी, आणि काकांचा पहिला नियम तिच्याइतका कोणी पाळत नसे. सात-आठ वर्षांपूर्वीचा तो हिवाळा. तिच्या गावचा रस्ता रुंद होणार होता आणि रस्त्याकडेच्या पाच मोहांवर चुन्याची वर्तुळं काढून नंबर टाकले होते. त्या मोहांची फुलं वेचून तिच्या घरची अर्धी चूल चालायची आणि होस्टेलची फीही निघायची. येत्या मंगळवारी कलेक्टरांची जनसुनवाई, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायची बैठक, होती. नुसतं तोंडी सांगितलेलं साहेब ऐकत नाहीत, हातात मोठ्या दैनिकात छापलेला कागद हवा, हे गावाला अनुभवाने माहीत होतं. काकांच्या हाताखाली तयार झालेला एकजण आता एका दैनिकाची रविवारची पुरवणी बघत होता. तो म्हणाला, गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मजकूर आला तर छापतो, सहानंतर पान बंद. म्हणजे गुरुवार हुकला की रविवार हुकला, आणि रविवार हुकला की मोह गेले. इतका सरळ हिशोब होता.

बुधवारी रुमाली कागद घेऊन आली. सुरुवात अशी होती: 'सड़क चौड़ी होगी. पाँच महुए कटेंगे. मोटली जाएगी, वाकली जाएगी, राणी और कालकी जाएँगी. पाँचवीं छोटी है, उसका अभी नाम नहीं रखा.'

काकांनी चष्मा काढून पुसला. मग डेस्कवरचा आवाज लावला.

"मोटली की उम्र?"

"दादाजी अस्सी बताते हैं. ज़्यादा भी होगी."

"लिखना चाहिए ना बेटा. नाम, उम्र, पता, इसके बिना ख़बर नहीं होती. रहती कहाँ है?"

"सड़क किनारे."

"घरवाले?"

"हम लोग. पिताजी और दोनों काका."

"तबीयत कैसी है?"

रुमालीने आधी काकांकडे नीट पाहिलं. "एक तरफ़ से खोखली है, सर. पर खड़ी है."

काकांनी मान हलवली आणि लिहिलं, 'अस्वस्थ'. "और वाकली?"

"झुकी हुई है. शुरू से."

'कमर से झुकी हुई,' काकांनी लिहिलं. "और ये छोटी कितने साल की?"

"पाँच की."

"पाँच साल की बच्ची का अब तक नाम नहीं रखा?"

"हमारे यहाँ बड़ी होने पर रखते हैं."

काका माझ्याकडे वळले. "पाच वर्षांची पोर आहे, भिया, अजून नाव नाही तिला, आणि हे लोक तिच्या दारातून रोड काढून राहिले." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही आलं. मी टाइप करायला बसले, आणि जन्मभर पत्रिका जुळवल्याने बाईमाणसाचं नाव उघडंबोडकं ठेवायला माझी बोटं धजत नाहीत. प्रत्येक नावामागे मी 'श्रीमती' लावलं. लहानीला 'कुमारी' लावणार होते, पण नावच नव्हतं.

गुरुवारी सकाळी आमचं जोरदार वाजलं. मजकूर तयार होता, एक बटण दाबलं की पोचला असता. काका म्हणाले, वाचून दाखवल्याशिवाय नाही.

"काका, सहा वाजता पान बंद. झाडं राहिली पाहिजेत की तुमचा नियम?"

"दोन्ही. तू गाडी काढ. बोलण्यात टाइम घालवून राहिली."

मी रागाने दुकानाची व्हॅन काढली. मागे छापलेल्या पत्रिकांचे गठ्ठे तसेच होते, त्यांवर रुमाली बसली. धार मागे पडेपर्यंत मी काकांशी एक शब्द बोलले नाही. ते आपले जीरावनची डबी उघडून वास घेत होते, आणि प्रत्येक वास घेतल्यावर माझ्यापुढे धरत होते.

बारा वाजता पोचलो. सगळं गाव एका थोरल्या मोहाखाली जमलं होतं. काका खोडाला पाठ टेकून उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "पहले मोटली बाई को आगे बिठाओ. उन्हीं की बात है." कोणी हललं नाही. काकांना वाटलं, म्हातारी आजारी, चालवत नसेल. त्यांनी वाचायला सुरुवात केली. ते हिंदीत एक वाक्य वाचत, रुमाली ते भिलीत सांगे.

"श्रीमती मोटली, आयु अस्सी वर्ष, जो पिछले कुछ समय से अस्वस्थ चल रही हैं..."

रुमालीने ते जसंच्या तसं, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगितलं. आधी मागच्या बायकांच्या पदरांत हालचाल झाली. मग 'श्रीमती वाकली, कमर से झुकी हुई' आलं आणि एक बाई जमिनीवर बसली. काका वाचतच होते. त्यांना वाटलं, दुःखाने बसली. 'दुधमुँही बच्ची, जिसे समाज ने नाम तक नहीं दिया' इथपर्यंत पोचले तेव्हा सगळं गाव हसून वाकलीहून वाकलं होतं. रुमालीचे आजोबा डोळे पुसत उठले, काकांच्या खांद्याला धरून त्यांना वळवलं आणि काठीने वर दाखवलं.

"ये है मोटली," ते म्हणाले. "तबीयत पूछ लो."

काकांनी वर पाहिलं. मग रस्त्याकडेने एका ओळीत उभ्या असलेल्या बाकीच्या चौघींकडे पाहिलं. मोटलीला टेकून उभं राहिल्याने काकांच्या पाठीवर चुन्यातला एक नंबरचा आकडा उमटला होता. त्या बाजूला प्रत्येक मोहाला नाव असतं, घर असतं, भावाभावांत वाटणी होते तेव्हा शेतासारखा मोहही कोणाच्या तरी वाट्याला येतो. 'पेड़ों के घरवाले' ही कविता नव्हती, साधी माहिती होती. ती महिनाभर आमच्या भिंतीवर लटकत होती आणि आम्ही दोघं शहाणे तिच्याखाली बसून पोहे खात होतो.

काका मटकन खाली बसले. "रुमाली, पहले क्यों नहीं बोली?"

"आपने कहा था, जितना पूछें उतना ही."

"तू कब समझी?"

"तबीयत पे," रुमाली म्हणाली, आणि पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं. हसू आवरेना म्हणून ती मोटलीच्या मागे जाऊन उभी राहिली.

मग काका हसायला लागले. त्यांचं हसणं खोकल्यातून सुरू होतं आणि बराच वेळ कोणालाच कळत नाही की पाणी द्यावं की टाळी. मीही हसले, पोट दुखेपर्यंत, पण एक डोळा घड्याळावर होता. लॅपटॉप उघडला. काका म्हणाले, उम्र, तबीयत, सगळं उडव, रुमालीचं होतं तसंच ठेव.

आजोबांनी हात वर केला. रुमालीने त्यांचं बोलणं आम्हाला सांगितलं. श्रीमती काढा, ती आमची पोर काही लग्नाची नाही. पण उम्र राहू द्या. तबीयत राहू द्या. साहेबांच्या यादीत नुसते नंबर आहेत. नंबर कापायला किती वेळ लागतो?

त्यानंतरचे तीन तास मी कधी विसरणार नाही. एकेक घर पुढे येऊन आपापल्या मोहाची, त्यांच्या बोलीत महुडीची, माहिती लिहवू लागलं. राणी पासष्टची, तिच्याखाली दोन बाळंतपणं झालेली. कालकीची फुलं सगळ्यांत आधी पडतात. मोटलीच्या पोकळ बाजूत पोपटांची तिसरी पिढी आहे. वयावरून दोन म्हाताऱ्यांचं भांडण झालं आणि वाकली तीन वर्षांनी लहान झाली. रुमाली मांडीवर वही घेऊन लिहीत होती. काका तिच्या शेजारी बसले होते, हातात पेन होतं आणि त्याचं टोपण त्यांनी काढलं नाही. लिहून झाल्यावर तिने सगळ्यांना वाचून दाखवलं. या वेळी कोणी हसलं नाही. एक म्हातारी तेवढी उठून राणीच्या खोडावरून हात फिरवून आली.

फोनला रेंज गावात एकाच ठिकाणी येई, मोटलीच्या मुळांवर चढून उभं राहिलं की. साडेपाचला मी तिच्या पायांवर उभं राहूनच मजकूर पाठवला. दहा मिनिटांनी पुरवणीवाल्याचा फोन आला. सर, पेड़ों की उम्र और तबीयत, ये किसने सोचा?

"किसीने नहीं," काका म्हणाले. "ग़लती से हुआ. मेरी ग़लती से. नाम लड़की का डालना."

रविवारी पान छापून आलं आणि मंगळवारी गाव ते घेऊन गेलं. नंतर कोणीतरी टेप घेऊन आलं, पुन्हा मापं झाली, रस्ता थोडा सरकला. चौघी राहिल्या. वाकली शुरूपासूनच रस्त्यावर झुकलेली, तिला वाचवता आलं नाही. ते कळलं तेव्हा मी दुकानात काउंटरखाली बसून रडले, आणि गिऱ्हाइकाला वाटलं माझं कोणी गेलं. तसं ते होतंच. रुमालीने वाकलीवर दहा ओळी लिहिल्या. काकांनी त्यांतला एकही शब्द कुठल्याच बादलीत टाकला नाही.

पुढचा महिनाभर त्यांनी वर्गासमोर बसून कोरडे पोहे खाल्ले. मुलांनी दया येऊन शेव पुढे केली तरी घेतली नाही. भिंतीवरच्या पुठ्ठ्यावरचं 'कविता' खोडून त्यांनी तिथे 'ख़बर' लिहिलं, आणि ज्याचं ते वाक्य होतं त्या पोराला विचारलं, "उस दिन क्या बोलने वाला था?" तो म्हणाला, "यही."

रुमाली आता तिकडेच एका वर्तमानपत्रासाठी बातम्या लिहिते. गेल्या मार्चमधल्या एका रविवारी ती अचानक काकांच्या खोलीत येऊन उभी राहिली. वर्ग भरला होता, पोहे वाटून होत आले होते. म्हणाली, छोटी बातमी आहे, छापण्याआधी ऐकवायला आले. तुमचाच नियम.

"मला कशाला?" काका मराठीतच म्हणाले. "ज्याची आहे त्याला ऐकव ना."

रुमालीने कागद उघडून पहिलाच शब्द वाचला. ते काकांचं नाव होतं, फक्त शेवटी ई लावलेली. पुढे होतं की त्या पाचव्या, बिननावाच्या लहानीने या वर्षी पहिल्यांदा फुलं दिली, म्हणून गावाने तिचं हे नाव ठेवलं.

काकांनी चष्मा काढला. मग, दुसरं काय करावं हे न सुचून असेल, डेस्कवरचा आवाज लावला.

"उम्र?"

"तेरह."

"रहती कहाँ है?"

"वहीं, सड़क किनारे."

"तबीयत?"

"एकदम अच्छी. सीधी खड़ी है."

"घरवाले?"

रुमालीने माझ्याकडे पाहिलं, बाकड्यांवरच्या मुलांकडे पाहिलं. "हम सब हैं, सर. आप भी."

काकांचं नाव ज्यांना हवं असेल त्यांनी त्या रस्त्याने जाऊन विचारावं, कोणीही दाखवील. आता ते तिचं आहे, म्हणून मी इथे लिहिलं नाही. काकांनी तेवढ्यात खिशातली डबी काढली, रुमालीच्या बशीत पोहे वाढले आणि त्यांवर जीरावन घातलं. मग शेव घातली, आणि घालतच राहिले, पोहे दिसेनासे झाले तरी.